चाल बदलताना: नेमकं काय, किती, आणि चुकलं तर कुठे दुखतं? (बडोदेकरांसाठी अनुभव धागा)

कमाटीबागेत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत गुडघे आणि टाचा हा नेहमीचा विषय. चालीशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांनी इथे लिहावं. 'बरं वाटतं' एवढ्यावर थांबू नका, मापं द्या.

फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

चाल बदलल्याने भार नाहीसा होत नाही, तो सरकतो. गुडघ्याने सोडलेला भार पोटरी, घोटा नाहीतर खुबा उचलतो. म्हणून एका वेळी एकच बदल, तोही लहान.

सुरुवात मिनिटाला किती पावलं पडतात यापासून करा. नेहमीसारखं चालताना ३० सेकंदांत किती पावलं पडतात ते मोजून दुप्पट करा. मिनिटाला १०० येत असतील तर १०५ करा, पण वेग तोच ठेवा. पाऊल आपोआप आखूड होतं, टाच शरीराच्या फार पुढे टेकत नाही आणि ताठ गुडघ्याला बसणारा धक्का कमी होतो. फोनवर मेट्रोनोम (ठरावीक ठेक्यावर टिकटिक करणारं ॲप) लावून पाच मिनिटं नवी चाल, मग पाच मिनिटं जुनी, असं आलटून पालटून करा. बहुतेकजण इथे वेग वाढवतात, आणि वेग वाढला की पाऊल पुन्हा लांब पडतं.

आता पावलाचा कोन. घरात कोटा स्टोनची फरशी असेल तर पाय ओले करून सरळ रेषेत चाला. टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत खडूने रेघ ओढा आणि ती चालण्याच्या दिशेशी किती अंश करते ते कोनमापकाने पाहा. पाच-सात अंश बाहेर असणं नेहमीचंच. दोन्ही पायांत मोठा फरक असेल तर तपासून घ्या.

गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज असणाऱ्यांवर अमेरिकेत एक वर्षाची चाचणी झाली, ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ जण होते. प्रत्येकाचा कोन प्रयोगशाळेत मोजला आणि निम्म्यांचा ५ किंवा १० अंश आत किंवा बाहेर, ज्याला जे लागू पडेल तसा बदलला. त्यांच्या वेदना कमी झाल्या. पण दिशा माणसागणिक वेगळी असते, आणि चुकीच्या दिशेने तोच भार वाढू शकतो. म्हणून व्हिडिओ पाहून बोटं आत वळवू नका, हे हात जोडून सांगते. कोन बदलायचाच असेल तर सगळा पाय खुब्यातून वळवा. गुडघ्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहायला हवी. नुसतं पाऊल वळवलं तर गुडघ्याला पीळ बसतो.

चपला-बुटांचं दुकान, मांडवी

ताईंचं बरोबर आहे, पण पायात काय आहे तेही पाहा. अंगठ्याच्या सपाट चपलेत ती निसटू नये म्हणून बोटं आकसतात, आणि पाऊल शेवटी जसं ढकलायला हवं तसं ढकललं जात नाही. मागून पट्टा असलेली घ्या.

बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा. मधोमध दुमडला तर ठेवून द्या. जुना बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच बाहेरच्या कडेला जराशी झिजणं साधारण, एकाच पायाची आतली कड झिजलेली असेल तर बूट बदलण्याआधी पाय दाखवा.

गरबा शिकवणारी, दांडिया बाजार

नवरात्राआधी 'चवड्यावर चाला, पोटऱ्या तयार होतात' असा सल्ला फिरतो. रोजच्या चालण्यात तो पाळू नका. २०१० च्या युटा विद्यापीठाच्या मोजमापात टाच न टेकता चालायला ५३ टक्के जास्त ऊर्जा लागली. पोटरी आणि टाचेचा स्नायूबंध दोन्ही ओढले जातात.

पोटरी तयार करायची तर पायरीच्या कडेवर: बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. टाचेच्या तळव्याच्या दुखण्यावरही हाच व्यायाम दिला जातो. गरबा अनवाणी खेळायचा असेल तर आधी काही आठवडे मऊ मातीवर दहा मिनिटांपासून वाढवत जा. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो.

मधुमेहाच्या पायांची नर्स, कारेलीबाग

पायांना संवेदना कमी असतील तर अनवाणी काहीही नको, गरबा नाही आणि ओल्या पावलांची चाचणीही नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा १० ग्रॅमच्या तंतूने (तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, त्याचा स्पर्श कळतो का ते पाहतात) तळवे तपासून घ्या. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. रात्री आरशात तळवे पाहा.

फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

काठीबद्दल दोघांनी विचारलं. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे धरताना कोपर १५-२० अंश वाकतो. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. खालचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला, पावसाळ्यात तर नक्कीच.