मदत हवी आहे : तारकर्लीला मुलांना घेऊन जातोय

नोव्हेंबरमध्ये चार दिवस मालवणला जातोय. सोबत ९ आणि १३ वर्षांची मुलं. धाकटीला पोहता येतं, पण तरणतलावात. समुद्राचं खारं पाणी अजून नाकातोंडात गेलेलं नाही. तारकर्लीला पोहायला किनाऱ्याचा कुठला भाग बरा? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाणी ओढतं, म्हणून संगमावर उतरायचं नाही हे ठरलंय. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करायचंय. लहान मापाचं लाइफ जॅकेट मिळतं का, की घरून न्यावं? (मागे एका ठिकाणी मोठ्यांचंच आवळून बांधलं, पाण्यात ते पोरीच्या कानापर्यंत वर आलं!) आणि बनाना बोटवाले मुद्दाम पाण्यात पाडतात, आधी सांगितलं तर ऐकतात का? नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.