अनुभव धागा: पहिल्यांदा खऱ्या कातळावर चढताना

टेकडीवाला
पाऊस ओसरला, रामटेकच्या वाटेवर उघडे कातळ दिसले आणि दोराचे जुने दिवस आठवले. चढाईच्या कृत्रिम भिंतीवर शिकलेली पोरं आता बाहेर पडतील, त्यांच्यासाठी नेमकं उपयोगी पडेल ते लिहा.
माझ्याकडून: चढण्याआधी जोडीदाराला तपासा. हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा) कमरेच्या हाडांच्या वर, घट्ट. दोर वरच्या आणि खालच्या दोन्ही टाय-इन पॉइंटमधून (हार्नेसला पुढे असलेले, दोर बांधायचे फासे). फिगर एटमध्ये (आठच्या आकाराची गाठ) पाच ठिकाणी जोडीने दोर दिसले पाहिजेत, शेपूट वीतभर. बिले देणाऱ्याचं, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याचं, कॅराबिनर (धातूची उघडझाप कडी) लॉक आहे का ते दाबून बघा, नजरेवर विसंबू नका. गाठ मारणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. गप्पांत गाठ अर्धी राहते, आणि अर्धी गाठ खालून पूर्ण असल्यासारखी दिसते.

खडूची_पिशवी
कोन!! अँकर म्हणजे कड्याच्या माथ्यावर दोर अडकवायची जागा. त्याला दोन वेगवेगळे आधार, त्यांच्याकडे जाणाऱ्या पट्ट्यांमधला कोन ६०° च्या आत. ६०° ला प्रत्येक आधारावर भाराच्या ५८ टक्के येतो, १२०° ला पूर्णच्या पूर्ण. मग दोन आधार असून फायदा काय? नवशिक्याने अँकर लावूच नये, शिकलेला माणूस हवा. कड्याच्या काठावर काम करताना त्यानेही स्वतःला बांधून घ्यावं.

मानेवाडा_मावशी
खाण्याचं कोणी लिहिलंच नाही. निघताना तर्री पोहे नको रे बाबांनो, वरून हार्नेस आवळला की जळजळ होते. केळी, गूळ-शेंगदाणे द्या.

खडूची_पिशवी
मावशी, अगदी बरोबर. आणि पाणी माणशी ३ लिटर. फेब्रुवारीनंतर आपल्याकडे दहाच्या आत आवरायचं. दगड तापला की तळहात घामेजतात, पकड सुटते.

सीताबर्डीकर
आग्या मोहोळ! आदल्या दिवशी दुर्बिणीने पूर्ण कडा बघा, कपारीखाली विशेष. मोहोळ दिसलं तर ती जागा सोडा, बाजूची चढाईची वाटही नको. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माशा उठल्याच तर चढणाऱ्याला लगेच खाली घ्या, मग पळा, हात झटकू नका. १०८ लावायला रेंज कुठे येते ते आधीच बघून ठेवा.

दगडधोंडा
नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, तो झिजला की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. धरण्याआधी मुठीने ठोका. पोकळ आवाज आला तर ओढायचं नाही. काही निसटलं तर "दगड!" असं जोरात ओरडा. खालच्याने वर बघू नये, कड्याला चिकटावं.

नवाकोरा
बाइकचं हेल्मेट चालेल का? आणि शूज किती टाइट?

टेकडीवाला
नाही. जड असतं, मान वर होत नाही, हाक ऐकू येत नाही. क्लाइंबिंगचंच घ्या, ईएन १२४९२ (गिर्यारोहण हेल्मेटचं युरोपीय मानक) बघून. शूजमध्ये बोटं टोकाला टेकावीत, मुडपू नयेत. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

बिले_बाई
वर अँकर आहे म्हणून खालची पोरं निर्धास्त होतात. डायनॅमिक दोर (झटका शोषायला ताणला जाणारा) नुसत्या अंगाच्या वजनानेही ताणतो. २० मीटरच्या कड्याला सुरुवातीला जवळपास ४० मीटर दोर (खालून अँकरपर्यंत आणि परत चढणाऱ्यापर्यंत) वापरात असतो, तो मीटर-दोन मीटर सहज लांबतो. म्हणून पहिल्या दहा फुटांत दोर ताठच ठेवा. ब्रेकचा हात (बिले देताना दोर अडवून धरणारा) दोरावरून कधीच सुटायला नको. ६० मीटरच्या दोराने ३० मीटरच्या आतलीच चढाई, आणि मोकळ्या टोकाला गाठ हवीच. नाहीतर खाली उतरवताना टोक बिलेच्या उपकरणातून निसटतं.

मानेवाडा_मावशी
पोरीचा दोर इन्व्हर्टरच्या खोलीत ठेवलाय, चालेल ना?

बिले_बाई
आजच काढा मावशी! बॅटरीतल्या ॲसिडने नायलॉन आतून कमजोर होतो, वरून काहीच दिसत नाही. थेंब पडल्याची शंका जरी असली तरी तो दोर बाद करा.

मानेवाडा_मावशी
बॅटरीपासून लांब होता, काढला. धुऊन गच्चीवर टाकू का?

बिले_बाई
गच्चीवर नको, ऊन लागतं. थंड पाणी, सौम्य साबण, मग सावलीत पंख्याखाली.