विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून चालतं मशीन भंगारात घालायचं का? माझं मत: नाही

पत्रिकावाला_सांगली

सात वर्षं एक दिवसही खाडा न केलेल्या मशीनला परवा दुकानदार 'भंगार' म्हणाला. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जोडीला झेरॉक्स आणि प्रिंट. दोन मशीन आहेत, दोन्ही २०१८ ची, इंटेल आय-थ्री सातव्या पिढीची, ८ जीबी रॅम. २०२१ मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि तेव्हापासून शटर वर करून देवाला उदबत्ती लावेपर्यंत मशीन तयार असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. मशीन बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं मिळणं थांबतं. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझी गाडी एका पिढीने चुकली. दुकानदाराने लगेच कोटेशन काढलं: दोन नवीन मशीन ८४,००० रुपये, जुनी दोन्ही मिळून ३,००० ला परत घेणार.

'दहा वर्षं सपोर्ट दिला, अजून किती द्यायचा?' असं सगळे म्हणतात. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि दहा वर्षं मोजली ती तिथपासून. माझ्या बिलाच्या तारखेपासून मोजली तर सात भरतात. ज्याने २०१९ मध्ये शिल्लक स्टॉकमधलं सातव्या पिढीचं कोरं मशीन घेतलं, त्याला सहा. गिऱ्हाईक पैसे देतं त्या दिवसापासून मोजायला नको का?

म्हणून माझं म्हणणं, घाबरून खरेदी करू नका. मायक्रोसॉफ्टनेच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथे 'एनरोल नाऊ' दिसेल. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. आणि ज्या मशीनवर फक्त ब्राउझर चालतो, तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका. तेही फुकट, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो. वर्षभर शांतपणे विचार करा, मग काय ते ठरवा.

केबल_ते_क्लाउड_पुणे

विरोध नोंदवतो, आणि मनापासून नोंदवतो. अठरा वर्षं लहान ऑफिसांची मशीन सांभाळतोय.

दादा, मशीन तुमचं आहे, पण त्यातली माहिती तुमची नाही. तुमच्याकडे माणूस प्रिंटला येतो तेव्हा व्हॉट्सॲप वेबवरून आधार, पॅन, सातबारा, बँकेचं पासबुक सगळं तुमच्या मशीनवर उतरतं. एकदा तुमची डाउनलोडची फोल्डर उघडून बघा.

वॉनाक्राय आठवा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. १२ मे २०१७. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळपास दोन महिने हातात होते. तरी इंग्लंडची सरकारी रुग्णालयं अडकली, ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. कारण अपडेट टाकला नव्हता. तिथे अपडेट उपलब्ध तरी होता. सपोर्ट संपलेल्या मशीनला तोही मिळत नाही.

आणि एक दुरुस्ती. तुम्ही सांगितलेली फुकटची सोय वैयक्तिक वापराच्या मशीनसाठी आहे. धंद्याच्या मशीनसाठी वेगळा दर आहे: पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. ६१, १२२, २४४, म्हणजे एका मशीनचे ४२७ डॉलर. तेवढ्यात साधं नवीन मशीन येतं. तुमच्या दुकानाचं गणित इथेच फिसकटतं.

पत्रिकावाला_सांगली

दोन्ही गोष्टी मान्य करतो.

आधी डाउनलोड. तुमचा प्रतिसाद वाचला आणि दुकान बंद करायच्या आधी फोल्डर उघडली. चौदाशेच्या वर फायली. लोकांची आधार कार्डं, एका मुलीचा जातीचा दाखला, कुणाचा तरी एमआरआयचा रिपोर्ट, शेजारच्या गल्लीतल्या आजींचं पेन्शनचं पुस्तक. तीन वर्षांपूर्वीच्याही होत्या. लोक विश्वासाने पाठवतात आणि मी प्रिंट मारून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. रात्री अकरापर्यंत बसून सगळं कायमचं पुसलं. आता रोज शटर ओढायच्या आधी ती फोल्डर रिकामी करायची असा नियम केला आहे. तुमचे आभार. पण सर, हा ढीग मी साठवला होता. ८४,००० च्या नव्या मशीनवरही तो तसाच साठला असता.

दुसरं, धंद्याचा दर मला माहीत नव्हता. घरगुती मशीनवाल्यांसाठी माझं म्हणणं तेच राहील, पण दुकानासाठी नव्याने विचार करावा लागेल.

ई_सेवा_परभणी

मी लिनक्सच्या बाजूचा होतो, आता नाही. दोन वर्षांपूर्वी ॲडमिशनच्या सीझनला हौसेने एका मशीनवर टाकलं. ब्राउझर छान पळाला. पण बोटाचे ठसे घ्यायच्या यंत्राचा ड्रायव्हर बसेना, स्कॅनर अर्धंच पान घ्यायला लागला, डिजिटल सहीचा टोकन कधी दिसायचा कधी नाही. उत्पन्नाचे दाखले काढायला बाया रांगेत उभ्या, कडेवर पोरं, आणि मी गूगलवर उत्तरं शोधतोय. दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी परत विंडोज टाकलं.

शहरात बसून 'मिंट टाका' म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे अडलं तर हात धरून शिकवणारा माणूस तालुक्यात एक नाही.

पत्रिकावाला_सांगली

तुमच्यासारख्या कामाला लिनक्स सुचवणार नाही, तसं मूळ लिखाणात स्पष्ट लिहायला हवं होतं. माझंही एक मशीन विंडोजवरच राहणार आहे. श्रीलिपीचे फॉन्ट, कोरल ड्रॉ आणि वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली त्याच्यावर आहेत. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. दुसरीकडे उघडल्या की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कोयरी आणि कंस दिसतात.

ज्या मशीनवर मेल, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब आणि पीडीएफ एवढंच चालतं, त्याच्यापुरतं मी बोलतोय. अशी घरं पुष्कळ आहेत.

हार्डवेअर_कट्टा

मी स्वतः कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो. प्रत्येक दुकानदार लुबाडायलाच बसलाय असा सूर निघू नये.

जुन्या मशीनला मी एसएसडी टाकून दिली आणि सहा महिन्यांनी मदरबोर्ड गेला, तर माणूस माझ्याच दारात येतो. 'तूच म्हणालास चालेल.' सातव्या पिढीचा बोर्ड नवा मिळत नाही, जुन्या बाजारातून आणावा लागतो आणि त्याची खात्री मी काय देणार? शिवाय दिवाळीपासून रॅमचे भाव चढतायत, एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी तिकडे वळतेय. वर्षभर थांबणारा माणूस पुढच्या वर्षी जास्त पैसे मोजेल अशी मला भीती वाटते. घ्यायचंच असेल तर आत्ता घ्या, हा सल्ला मी माझ्या भावालाही देईन.

पत्रिकावाला_सांगली

बोर्डाचं म्हणणं खरं आहे. ज्याला दोन वर्षांत घ्यायचंच आहे त्याने आत्ता घ्यावं, यावर वाद नाही. माझा राग 'भंगार' या शब्दावर आहे. बिघडलेलं आणि विंडोज ११ च्या यादीत न बसणारं, यात फरक आहे आणि तो गिऱ्हाइकाला सांगायला हवा.

इसार_काठ_म्युनिक

इथे युरोपात काय झालं ते सांगते. आधी इथेही तीच अट होती, फुकट हवं तर बॅकअप चालू करा. युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने मायक्रोसॉफ्टकडे हरकत घेतली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रासाठी बॅकअपची अट निघाली. खातं मात्र लागतं, ६० दिवसांतून एकदा तरी त्याने साइन इन करावं लागतं. माझ्या शेजारच्या आजींचं मशीन मीच नोंदवून दिलं, पाच मिनिटांचं काम.

तेच सॉफ्टवेअर, तेच अपडेट. कोल्हापूरला माझ्या बाबांच्या लॅपटॉपला एक नियम आणि इथे दुसरा, हे मला पटत नाही. मूळ लेखकाशी सहमत.

रोज_नवा_रॉम

एवढा खल कशाला? रूफस या फुकट सॉफ्टवेअरने विंडोज ११ ची पेनड्राइव्ह बनवा, टीपीएमची आणि प्रोसेसरची तपासणी वगळता येते, विंडोज ११ बसतं. माझं सहाव्या पिढीचं मशीन वर्षभर चालू आहे. आणि एक सांगा, फोन तीन-चार वर्षांत बदलता तेव्हा कुणी धागा काढत नाही. मग कॉम्प्युटरसाठीच का?

केबल_ते_क्लाउड_पुणे

बसतं, नाकारत नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने लिहूनच ठेवलंय. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, तुम्हालाच हाताने टाकावी लागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचनाच नसेल तर विंडोज सुरूही होत नाही. कोअर टू ड्युओ या जुन्या इंटेल प्रोसेसरची मशीन तिथेच थांबली. तुम्ही सांभाळून घ्याल. ज्याला 'अपडेट' आणि 'रीस्टार्ट' यातला फरक सांगावा लागतो त्या माणसाच्या मशीनवर मी हे करणार नाही.

फोनचं म्हणाल तर तिथे चित्र बदललंय. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन आहे.

निवृत्त_बाई_नाशिक

चर्चा सकाळपासून वाचते आहे. मला तांत्रिक फार कळत नाही. सदतीस वर्षं गणित शिकवलं, आता नातवाशी व्हिडिओ कॉल आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या मेल, एवढाच वापर.

माझा लॅपटॉप २०१९ चा आहे. 'विंडोज ११ होणार नाही' असा संदेश आला म्हणून दुकानात नेला. त्यांनी उघडूनही पाहिला नाही, वर्ष विचारलं आणि नवीन घ्या म्हणाले. मी २,००० रुपये ॲडव्हान्स देऊन आले. स्टिकरवर 'कोअर आय-फाइव्ह, आठवी पिढी' असं आहे. माझं चुकलं का?

पत्रिकावाला_सांगली

बाई, थांबा! आठवी पिढी म्हणजे बहुतेक यादीत बसतंय.

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल, तिथे इंग्रजीत टीपीएम, मग टिंब, मग एमएससी असं सलग टाइप करून एंटर करा. 'कम्पॅटिबल टीपीएम कॅनॉट बी फाउंड' असं आलं तर घाबरू नका, पुष्कळदा ते फक्त बंद करून ठेवलेलं असतं.

केबल_ते_क्लाउड_पुणे

बरोबर. बाई, पुढचं मी सांगतो. लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबत राहा, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. निळा किंवा काळा पडदा येईल, त्याला बायोस म्हणतात. सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्ड या पानावर 'पीटीटी' किंवा 'इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी' शोधा (इंटेलचं टीपीएम ते हेच), ते 'एनेबल' करा, एफ१० दाबून सेव्ह करा. बाकी कशाला हात लावू नका. ड्राइव्हवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मग मशीनवर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघा.

ई_सेवा_परभणी

असं किती जणांचं झालं असेल. माझ्याकडेही दोन मशीन आठव्या पिढीची आहेत, उद्या हेच तपासतो.

पत्रिकावाला_सांगली

दुकानाचं काय ठरवलं ते लिहितो. श्रीलिपीच्या मशीनची नेटची वायर काढली. ते आता फक्त पत्रिका करणार. दुसऱ्यावर मिंट बसवलं. व्हॉट्सॲप वेब, मेल, गिऱ्हाइकांच्या प्रिंट सगळं त्याच्यावर. कालचा दिवस निभावला. फक्त जुना लेसर प्रिंटर मिंटला दाद देत नाही, म्हणून तो पत्रिकेच्या मशीनला जोडलाय आणि पीडीएफ पेनड्राइव्हने नेतो.

केबल_ते_क्लाउड_पुणे

पेनड्राइव्ह म्हणजे वायरच आहे, फक्त हातातून जाणारी. गिऱ्हाइकाची पेनड्राइव्ह त्या मशीनला कधीच लावू नका, तुमची स्वतःची एकच ठेवा आणि तिच्यावर पीडीएफशिवाय काही नको. तरीही माझं मत तेच: लोकांचे कागद हाताळणाऱ्या दुकानाने एक तरी नवीन मशीन घ्यावं. सीझनचे पैसे आले की घ्या.

पत्रिकावाला_सांगली

तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू होतात. एक मशीन त्यातून घेईन, कबूल. जुनं विकणार नाही. पुतणी अकरावीला आहे, मिंट टाकून तिला देणार.

निवृत्त_बाई_नाशिक

बायोसमध्ये गेले. हात थरथरत होते, म्हणून आधी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या. पीटीटी 'डिसेबल्ड' होतं, ते 'एनेबल' केलं. आता त्या चौकटीत २.० दिसतं आहे आणि हेल्थ चेकमध्ये हिरवी खूण आली. स्क्रीनचा फोटो काढून ठेवला आहे. उद्या अकराला दुकान उघडतं, ॲडव्हान्सची पावती पर्समध्ये ठेवली.