चार्जवाला हिग्ज शोधाले 91 किलोमीटरची नवी रिंग, म्हणजे कण एकमेकावर आपटाची भुयारातली मशीन, पाह्यजे का? मत सांगा राजेहो

घाटंजीचा मास्तर: हिग्ज म्हणजे बाकी कणायले वजन देणाऱ्या फील्डचा कण. 2012 मध्ये सर्नले, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणायच्या प्रयोगशाळेले, सापडला तो 125 जीईव्हीचा (कणाची एनर्जी अन् वजन मोजाचं माप), त्याले चार्ज नाही. पण हिग्ज फील्डचा दुसरा डब्लेट (दोघायचा गट) नाहीतर ट्रिप्लेट (तिघायचा गट) असन तर चार्जवाले हिग्ज निघतेच, ट्रिप्लेटमधे तर दुप्पट चार्जवाला बी येऊ शकते अन् न्यूट्रिनो नावाच्या लय हलक्या कणाले एवढंसं वजन कुठून आलं याचं उत्तर बी तिथूनच मिळू शकते. तो दुप्पटवाला फुटला का एकाच चार्जचे दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) देऊ शकते, अशी खूण दुसऱ्या कशातून सहसा येत नाही. माझं मत, सर्ननं पुढची रिंग बांधलीच पाह्यजे.

कापूसवाला राळेगाव: मास्तर, त्या रिंगच्या पहिल्या टप्प्याचाच अंदाज 15 अब्ज स्विस फ्रँक आहे. इकडं थ्री फेज रात्री येते, बॅटरी घेऊन ओलिताले जा लागते, पायाखाली साप-इच्चू. भारत 2017 पासून सर्नचा असोसिएट मेंबर हाय, म्हणजे आपलाबी पैसा जाऊन राहिला. अन् सापडलंच नाही तं?

घाटंजीचा मास्तर: रात्रीच्या लाईनचं दुखणं खरंच हाय भाऊ, त्यात मी तुमच्यासंगच हावो, पण ती लाईन सर्नमुळं अडली नाही न. सर्नच्या आताच्या रिंगच्या, म्हणजे एलएचसीच्या, मॅग्नेटखालचे जॅक इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी प्रयोगशाळेच्या देखरेखीत बनले, म्हणजे पैशासंग काम बी आलं. अन् कपाशीतला बोंडअळीचे पतंग पकडाचा कामगंध सापळा रिकामा निघाला तरी फवारणीचं ठरवता येतेच न? लेप या सर्नच्या जुन्या रिंगनं काही न सापडता साधारण 80 जीईव्हीखालचा चार्जवाला असाच बाद केला.

आर्णीची फिजिक्सवाली: पैशाचं राहू द्या, मास्तर तुम्ही मशीनच चुकीची धरून राहिले. इलेक्ट्रॉन अन् पॉझिट्रॉन (त्याचा उलट चार्जचा जोडीदार) यायच्या टकरीत हे कण जोडीनं निघतात, दोघायचं वजन एनर्जीत बसलं पाह्यजे. रिंगचा पहिला टप्पा अशाच टकरीचा, 365 जीईव्हीपर्यंत, म्हणजे साधारण 180 च्या वरचा जोडीनं निघणारच नाही! प्रोटॉनवाला टप्पा 2070 च्या दशकात, आता शाळेत असलेली पोरं तेव्हा रिटायरमेंटले आली असतीन. 10 टीईव्हीचं (1 टीईव्ही म्हणजे 1000 जीईव्ही) म्युऑन कोलायडर, म्हणजे म्युऑन आपटाची मशीन, बनलं तं 5 टीईव्हीच्या जवळचा बी पकडता येईन.

घाटंजीचा मास्तर: पण ताई, म्युऑन 2.2 मायक्रोसेकंदात संपते, त्याची बीम (कणायचा झोत) बनवणं सोपं हाय का? पहिल्या टप्प्यात लाखो हिग्ज बारकाईनं मोजता येतीन. हिग्ज दोन फोटॉनमधे (उजेडाच्या कणात) फुटते तेव्हा जड चार्जवाला कण लूपमधून, म्हणजे मधातच क्षणभर येऊन, त्यात फरक पाडू शकते, तिथूनच माग लागन.

कापूसवाला राळेगाव: माग लागन का नाही ते तुम्ही पहा, मले हा खर्च अजूनबी पटला नाही. पहिले दिवसाची लाईन द्या.

आर्णीची फिजिक्सवाली: दादा, दिवसाची लाईन मिळालीच पाह्यजे, त्यात दुमत नाही. अन् मास्तर, फोटॉनमधे फरक दिसला तरी तो कोण्या कणानं केला हे त्यावरून समजत नाही, चार्ज एक का दोन हे समोर पकडल्याशिवाय कसं सांगणार? म्युऑनची बीम थंड करता येते, म्हणजे पसरलेला झोत आवळता येते, हे इंग्लंडातल्या माइस प्रयोगानं 2020 मध्ये दाखवलं, आधी त्या कामावर पैसा लावा, रिंगचं मंग पाहू.