खरी जागा आकडे खातात

बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅमची मेमरी वाचवायची तर रेम ओळी (म्हणजे नुसते शेरे) आणि मोकळ्या जागा काढून टाका, हा नेहमीचा सल्ला झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरला अर्धाच लागू पडतो. रेम काढा, पण त्याच्या बेसिकमध्ये प्रत्येक कीवर्ड (आज्ञेचा किंवा फंक्शनचा शब्द) एकाच बाइटात बसतो आणि त्याभोवती दिसणारी मोकळी जागा मेमरीत नसतेच! खरी जागा आकडे खातात. प्रोग्रॅममध्ये नुसतं ० लिहिलं, तरी त्या अंकामागे एक खुणेचा बाइट आणि पाच बाइटांत तोच आकडा पुन्हा साठवला जातो. म्हणजे एका शून्याला सात बाइट.

म्हणून ० ऐवजी 'नॉट पाय' (पाय म्हणजे π, तो शून्य नाही, म्हणून नॉटचं उत्तर ०) आणि १ ऐवजी 'एसजीएन पाय' (एसजीएन चिन्ह सांगतं, धन आकड्याला १) लिहायचं, दोन-दोन बाइटांत काम. १०० साठी व्हॅल (अवतरणातला मजकूर आकड्यात बदलणारं फंक्शन) आणि अवतरणात १००, नवाऐवजी सहा बाइट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या माझ्या १६ के (किलोबाइट) मेमरीच्या मशीनवर बेसिकला जेमतेम नऊ के उरायचे, तिथे ही चिंधीचोरी परवडायची. फक्त व्हॅल लूपमध्ये घालू नका, फार हळू चालतं. तोच आकडा सारखा लागत असेल तर एकाक्षरी व्हेरिएबलमध्ये ठेवा: एकदाच सहा बाइट, नंतर प्रत्येक वेळी एक.