नथ कुठल्या खणात टाकायची? दुकानाचे विभाग आणि गूगलची वर्गवारी

नथवाली_दादर

रानडे रोडच्या आत एका बोळात आमचं पारंपरिक दागिन्यांचं दुकान आहे. सोन्याचं पॉलिश, मोती आणि थोडं पितळी सामान असा माल. वेबसाइट मी बघते. आता गूगल शॉपिंगच्या जाहिरातींसाठी फीड (गूगलला द्यायची मालाची यादी) करायला घेतलाय आणि अडकलेय.

सासूबाई दुकानात माल लावतात तसाच मी साइटवर लावला: मंगळागौर, लग्नसराई, पाडवा, हळदीकुंकवाचं वाण, नऊवारीवरचं. गिऱ्हाईक तसंच मागतं. "मंगळागौरीला काय आहे?" असं विचारतं, "नेकलेस दाखवा" म्हणत कुणी येत नाही. फीड बनवायच्या प्लगइनमध्ये डावीकडे माझे विभाग, उजवीकडे गूगलची यादी. मंगळागौरीसमोर मी 'ज्वेलरी' निवडलं आणि मोकळी झाले. परवा फीड उघडून पाहते तर पितळी करंडा ज्वेलरी, खोप्यात खोचायचं फूल ज्वेलरी. वाणासमोर 'रिलिजस आयटम्स' टाकलं होतं, त्यात जोडवी जाऊन बसली! आणि एकच ठुशी दोन विभागांत आहे, तिचं काय करायचं तेही कळेना.

एका नगाला दोन वर्ग देता येतात का? नथ तर त्या यादीत नावाने नाहीच, मग ती कुठे घालायची? दीर म्हणतात, बिलावर मालाचा एचएसएन कोड ७११७ आहेच, तोच टाक. नग साडेतीनशे आहेत, हाताने करायचे म्हटलं तर माझी दिवाळी त्यातच जाईल.

फीडवाला_ठाणे

ताई, दिरांना सांगा, एचएसएन जीएसटीसाठी. ७११७ म्हणजे सगळे नकली दागिने, त्याला कान, नाक, पाय काही कळत नाही. गूगलच्या वर्गवारीचे आकडे वेगळे.

तुमची मूळ गफलत अशी आहे की तुमचे विभाग 'कधी घालायचं' ते सांगतात आणि गूगलची यादी 'वस्तू काय आहे' ते विचारते. त्यामुळे विभागाला विभाग जुळवायला गेलात तर करंडा ज्वेलरीतच जाणार. जुळवणी नगाच्या प्रकारावर करा. साडेतीनशे नग असले तरी प्रकार वीस-पंचवीसच निघतील. एक्सेलमध्ये 'प्रकार' नावाचा कॉलम घ्या, ठुशी, मोहनमाळ, बुगडी, पैंजण असं भरत जा, आणि दुसऱ्या छोट्या तक्त्यात प्रत्येक प्रकारासमोर आकडा लिहा. पुढे प्रकार बघून आकडा भरायचं काम एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्राचं.

आकडे देतो. ठुशी, मोहनमाळ, तन्मणी: नेकलेस, १९६. बुगडी, कुड्या: इअररिंग्ज, १९४. पैंजण: अँकलेट्स, १८९. पूर्ण संच विकत असाल तर ज्वेलरी सेट्स, ६४६३. खोप्याचं फूल ज्वेलरीत नकोच, ते हेअर ॲक्सेसरीज, १७१. करंडा रिलिजस आयटम्स, ९७. नथीला मी बॉडी ज्वेलरी, १९० देतो. तिच्यासाठी वेगळं घर नाही, त्यातल्या त्यात हेच जवळचं. (इथे मी मराठीत लिहिले तरी फीडमध्ये आकडे इंग्रजीच हवेत.)

एका नगाला वर्ग एकच. आकडा द्या किंवा पूर्ण नाव, दोन्ही नको. मी आकडाच देतो, नावात एखादी खूण इकडची तिकडे झाली की सगळं बोंबलतं. कॉलम रिकामा ठेवलात तर गूगल आपल्या अंदाजाने वर्ग लावतं, म्हणजे तो सक्तीचा नाही.

सासूबाईंची मांडणी मात्र मोडू नका. 'प्रॉडक्ट टाइप' हा कॉलम तुमचा स्वतःचा, त्यात हवं ते लिहा: दागिने > गळ्यातले > ठुशी. तिथे एकाहून जास्त नोंदी चालतात, पण मोहिमेत जाहिरातीची बोली लावताना पहिलीच धरतात. मंगळागौर, पाडवा वगैरे 'कस्टम लेबल'मध्ये टाका. ती पाच मिळतात, ० ते ४. श्रावणात मंगळागौरीचं लेबल उचलून तेवढ्याच मालावर बोली वाढवता येते, जाहिरात बघणाऱ्याला लेबल दिसत नाही.

गिरगावकर_७७

बाकी पटलं. जोडवी मात्र राहिली. मी ती रिंग्ज, २०० मध्ये टाकतो, बोटातच जातात ना! १९० मध्ये टाकणारेही पाहिलेत. कुठलंही एक धरा, पण सगळ्या जोडव्यांना तेच. माझ्याकडे निम्मी इकडे, निम्मी तिकडे होती आणि रिपोर्ट बघून डोकं फिरलं.

नथवाली_दादर

झालं एकदाचं! प्रकार तेवीस निघाले. यादी सासूबाईंनी तोंडी सांगितली, मी टाइप केली, दुपारच्या चहापर्यंत संपलं. मी वाकी आणि बाजूबंद एकात टाकत होते, त्या म्हणाल्या, "अगं, एकाच दंडावर असले तरी गिऱ्हाईक वेगळं असतं." म्हणून प्रॉडक्ट टाइप वेगळे ठेवले, आकडा दोन्हींना ब्रेसलेट्सचा, १९१. जोडवी २०० मध्ये गेली.

एकच अडलंय, मुंडावळ्या. कपाळावर बांधतात म्हणून १७१ देणार होते, सासूबाई म्हणाल्या ते काय केसांचं आहे?

फीडवाला_ठाणे

त्यांचंच बरोबर. वेडिंग सेरेमनी सप्लाइज, ५६०६. आणि लेबल लग्नसराईचं.

नथवाली_दादर

टाकलं. "तुझ्या गूगलला सांग" म्हणत त्या वर गेल्या जेवायला.