एका टाळूवर पाच बाटल्या

खोबरेल
परवा एका गृहस्थांनी इथे टक्कल रोखायला 'माझं केसांचं पूर्ण रूटीन' टाकलं आणि खाली शे-दीडशे लोकांनी "सेव्ह केलं, दादा" म्हणून हात जोडले. तेव्हापासून डोकं तापलंय. (झाकायला वर फारसं उरलेलं नाही, त्यामुळे लवकर तापतं.)

रूटीन असं: सकाळी ५ टक्के मिनॉक्सिडिल, दहा मिनिटांनी रेडेन्सिल या केसवाढीच्या घटकाचं सीरम. रात्री मिनॉक्सिडिल-फिनास्टराइडचं एकत्र लोशन, त्यावर रोजमेरी तेल. मधल्या दिवशी कांद्याचा रस. रविवारी डर्मारोलर (टाळूला बारीक सुया टोचणारं रोलर) आणि लगेच त्याच टाळूवर मिनॉक्सिडिल, 'कारण तेव्हा सगळं आत जातं'.

अहो, सगळं आत जातं हीच तर भीती आहे! मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाब उतरवणारं औषध. १९७९ साली अमेरिकेत त्याची गोळी आली, खाणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे लव वाढली, म्हणून १९८८ मध्ये ते टकलावर लावायला आलं. भोकं पाडून ते रक्तात सोडायचं आणि मग छाती धडधडली की 'स्ट्रेस आहे' म्हणायचं?

मी हे सगळं करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे चार बाटल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात टाळू लालभडक, खाज अशी की मीटिंगमध्ये पेनाने खाजवायचो. दोषी कोण? चौघंही एकाच वेळी आलेले, कोणाला धरणार? शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सगळं बंद केलं आणि एकेक सुरू केलं. निघालं काय, तर लोशनमधलं प्रॉपिलिन ग्लायकॉल. औषध नव्हे, औषध ज्यात विरघळवलंय ते! फोमवर गेलो, खाज गेली. एका वेळी एकच सुरू केलं असतं तर लगेच कळलं असतं.

आणि तो कांदा. ज्या अभ्यासाच्या जोरावर त्याची तेलं विकली जातात तो चाईवरचा, म्हणजे गोल चट्ट्यांनी केस जातात त्यावरचा आहे. आपलं आनुवंशिक टक्कल वेगळं. कांदा भज्यांत घाला.

फेज३चा_पांथस्थ
ते 'गृहस्थ' म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तुम्हाला एका बाटलीची अ‍ॅलर्जी होती म्हणून बाकीच्यांनी एकाच बाटलीवर जगायचं? मिनॉक्सिडिल केस वाढायच्या अवस्थेत जास्त काळ ठेवतं. डीएचटीला, म्हणजे मुळं बारीक करणाऱ्या हार्मोनला, ते हातही लावत नाही. ते काम फिनास्टराइडचं. एक खत, दुसरं कीड रोखणारं. शेतकऱ्याला सांगता का, आधी वर्षभर नुसतं खत घालून बघ, मग कीड?

'एकेक करून तपासा' ऐकायला शास्त्रीय वाटतं. एकेकाचा निकाल कळायला चार-सहा महिने. चार औषधं म्हणजे दोन वर्षं. तोपर्यंत मुळं बारीक होऊन गेली की परत आणणार कोण? माझं वय २९ आहे, स्थळं बघणं चालू आहे, मला दोन वर्षं नाहीत.

रोलरबद्दल म्हणाल तर आपल्या सायन हॉस्पिटलमधलाच २०१३ चा अभ्यास आहे. १०० पुरुष, १२ आठवडे. टाळूच्या ठरावीक भागात नुसत्या मिनॉक्सिडिलवाल्यांचे केस सरासरी २२ ने वाढले, रोलर-मिनॉक्सिडिलवाल्यांचे ९१ ने. हे एकत्र करणंच झालं ना?

खोबरेल
सायनचा पेपर नाचवण्याआधी पूर्ण वाचला असतात तर बरं झालं असतं. रोलर आठवड्यातून एकदा, दवाखान्यात, आणि त्यानंतर मिनॉक्सिडिल २४ तासांनी परत सुरू. 'लगेच त्याच टाळूवर' हा तुमचा स्वतःचा शोध आहे.

फिनास्टराइडच्या लोशनबद्दलही ऐका. फार्मसीत घोटून दिलेल्या अशा मिश्रणांबद्दल अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिलाय. २०१९ ते २०२४ मध्ये ३२ जणांच्या तक्रारी आल्या. लावायचं म्हणजे रक्तात जात नाही असं नसतं.

फेज३चा_पांथस्थ
पाच-सहा वर्षांत ३२? आमच्या सोसायटीत पार्किंगच्या महिन्याला तेवढ्या होतात.

मनीमाऊ
दोघांनाही एकच विनंती, घरात मांजर असेल तर ती बाटली आणि ती उशी लांब ठेवा. मिनॉक्सिडिल मांजराला विष आहे, थोडंसं चाटलं तरी. तुमचे केस गेले तर टोपी मिळते.

वाघोलीकर
सगळे औषधांवर भांडताय, पण मूळ रोग कोणी बोलत नाही. पाणी. साताऱ्यात होतो तोवर केसांत कंगवा मोडायचा. इथे टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चौथं वर्ष, आणि आरशात बाबा दिसतात. बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच डोक्यावर बसतो. सोसायटीने पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवला, तरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० च! विक्रेत्याने गंडवलं.

रंकाळा_रिटर्न
भावा, टकलाचा नकाशा बघ की. कानशिलं जातात, भोवरा जातो, मागची झालर तशीच. पाणी काय फक्त पुढच्या केसांवर पडतंय व्हय? मानेसाठी वेगळा नळ लावलाय?

वाघोलीकर
टिंगल सोपी आहे. माझा सख्खा भाऊ साताऱ्यात आहे, ५२ वर्षांचा, एक केस गेलेला नाही. एकच बाप, एकच आई. फरक काय? पाणी.

रंकाळा_रिटर्न
फरक म्हणजे आईबापाकडून कुणाला काय आलं ते. दोघा भावांत एकाला बापाचं नाक येतं, एकाला आईचं. ते पण टँकरनं येतं का?

जलतज्ज्ञ_नाही_पण
अवांतर, पण राहवत नाही. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही! तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून बदल्यात सोडियम सोडतो. विरघळलेल्या क्षारांची बेरीज जवळपास तेवढीच राहते, मीटर तेच दाखवणार. पाणी मऊ झालं का ते साबणाच्या फेसावरून बघा. विक्रेत्याला शिव्या देण्याआधी सॉफ्टनरमध्ये मीठ वेळेवर टाकता का ते सांगा, त्याशिवाय तो चालत नाही.

जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात, हे खरं. पण तुटणं वेगळं आणि मुळातून जाणं वेगळं.

वाघोलीकर
मीठ कमिटीने टाकायचं असतं. तीन महिने टाकलेलं नाही. विचारलं तर सेक्रेटरी म्हणतात, "फंड नाही." गणपतीला डीजेला फंड होता.

कमिटी_सदस्य_जुना
मीठ सभासदांच्या वर्गणीतून येतं आणि वर्गणी थकवणाऱ्यांत तुमच्यासारखेच ओरडणारे असतात. सगळ्या कमिट्या चोर, मग निवडणुकीला उभे का राहत नाही?

वाघोलीकर
'जुना' का झालात तेही सांगा की. की हिशोब मागितल्यावर झालात?

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, पाण्यावर हसू नका एवढं. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं टकली झाली होती. तीन-चार दिवसांत हातात केस. बाया, लेकरं, सगळे. तेव्हा पण पहिले पाण्यावरच घसरले सारे. बोअरच्या पाण्यात नायट्रेट, क्षार जास्त निघाले, म्हणून बोअर वापरू नका म्हणे. मंग विंचूदंशावरच्या संशोधनाचे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे, त्या खनिजाकडे, बोट दाखवलं. म्हणजे पाणी घाण होतं हे बी खरं, अन् केस त्याच्यानं गेले नाहीत हे बी असू शकते. माझ्या मावशीच्या गावी पोरीबाळींनी महिनाभर डोक्यावरचा रुमाल काढला नाही. अन् इथं तुमची डीजेवरून जुंपली.

प्राजक्ता_नाशिक
धन्यवाद वऱ्हाडी. इतक्या प्रतिसादांत बायकांचा उल्लेख पहिल्यांदा आला.

बाळंतपणानंतर माझे मूठमूठ केस जायचे. नवरा म्हणाला, "माझंच लोशन लाव ना, दोन्ही औषधं आहेत." प्रेमानेच म्हणाला. त्यात फिनास्टराइड होतं आणि मी अंगावर पाजत होते, पुढचं मूलही डोक्यात होतं. गरोदरपणी ते अंगाला लागूही द्यायचं नसतं, मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मला ते केमिस्टच्या दुकानात, योगायोगाने समजलं. तुमच्या पूर्ण रूटीनमध्ये ही ओळ कुठे आहे, पांथस्थ? माझं थायरॉइड आणि लोह तपासलं, लोह तळाला होतं. कुठलीही बाटली न लावता सात-आठ महिन्यांत केस परत आले.

फेज३चा_पांथस्थ
ताई, ही ओळ नव्हती, चूक माझी. पोस्टमध्ये आत्ताच घातली.

आणि खोबरेलकाका, घ्या, तुमच्या समाधानासाठी: रोलरनंतर २४ तास काही नाही. कांदा तसाही बंद केला होता, आई स्वयंपाकघरात येऊ देईना. पण सकाळचं आणि रात्रीचं मिनॉक्सिडिल मिळून दिवसाला दोनदा एकेक मिलि होतं, आणि लेबलवर तेच लिहिलंय. ओव्हरडोस म्हणून बोंब मारण्याआधी बेरीज करायची.

खोबरेल
'काका' कशाला, मी ३८ चा आहे. बेरीज बरोबर आहे, मान्य. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड जोडीने चालतात हेही मान्य, ते मी नाकारलं कुठे होतं? डॉक्टरांना विचारून, थोड्या अंतराने सुरू करा, एवढंच. रोजमेरीचं मात्र ऐकणार नाही. ज्या तुलनेत ती बरोबरीची ठरली ती २ टक्के मिनॉक्सिडिलशी होती. ५ शी नव्हे.

फेज३चा_पांथस्थ
वास चांगला येतो हो. तेवढं तरी राहू दे.

वाघोलीकर
मूळ मुद्दा राहिला. मीठ किती किलो लागतं आणि किती दिवसांनी? उद्या संध्याकाळी सातला जनरल बॉडी आहे, आकडा लागेल.

जलतज्ज्ञ_नाही_पण
टाकीचा आकार, रोजचा वापर आणि पाण्याचा जडपणा सांगा. टीडीएस नको!